लेकरू गावात, माय फडात

दसरा-दिवाळीच्या सुमारास मांजरसुंब्याकडून केजकडं जाणाऱ्या रस्त्यावर भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर दिसायला लागतात. वर सगळा संसार बांधलेला. पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, सरपण, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या मधे अंग चोरून बसलेली माणसं. नेकनूरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्या-तांड्यांवरून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशोब. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथं कारखाना तिथं कोपी. पाच-सहा महिन्यांनी पट्टा पडला की परत.

हे आपल्याला नवं नाही. त्यावर लिहिणारे, बोलणारे, आंदोलन करणारे पुष्कळ झाले. मजुरीवर बोललं जातं, उचलीवर बोललं जातं, २०१९ साली बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांवर विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. आज एका कमी बोलल्या गेलेल्या गोष्टीचा इतिहास लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

गेल्या हंगामात ओळखीच्या एका आज्जीनं मला थांबवलं. म्हणाली, "दादा, पोरगं रातच्याला अंथरूण ओलं करतंय. सहा वरसाचं हाय, आधी करत नव्हतं. शाळंत कुणाशी बोलत नाही म्हणून मास्तरबी सांगत होते. बाहेरचं असंल का?" गळ्यात ताईत बांधून झाला होता, दृष्ट काढून झाली होती. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, दिवाळीपासून. म्हणजे पोराची माय गेली तेव्हापासून. हे तिलाही कळत होतं. फक्त "माय गेली" हे दुखणं असू शकतं आणि त्याच्यावर इलाज असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

इलाज असतो. आणि त्याचा इतिहास वाचताना मला वारंवार आपल्या कोयत्यांची आठवण आली, कारण ही सगळी विद्याच मुळात ताटातुटीतून मोठी झालेली आहे.

लहान मुलांच्या मनावर बोलून-खेळून उपचार करता येतात ही कल्पना फार जुनी नाही, सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरची. व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडनं १९०९ साली एका पाच वर्षांच्या पोराची हकीकत छापली. पोरगं घोड्याला इतकं भ्यायचं की रस्त्यावर यायला तयार नसायचं. गंमत अशी की उपचाराच्या काळात फ्रॉइड त्या पोराला एकदाच भेटला. बाकी सगळं पोराच्या बापानं केलं. बाप पोराशी बोलायचा, लिहून ठेवायचा, फ्रॉइडला दाखवायचा. फ्रॉइडनं त्यातून काढलेले अर्थ आज बरेच जण मानत नाहीत, मलाही ते ओढूनताणून वाटतात. पण लेकरावरचा उपचार घरच्या माणसाच्या हातून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

१९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी वेगळीच वाट धरली. सशाला भिणारं एक लहान पोरगं होतं. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि त्याच वेळी ससा लांब पिंजऱ्यात ठेवायचा. रोज थोडा जवळ. शेवटी पोरगं सशाला हात लावायला लागलं. आपल्या बैलबाजारातल्या कुठल्याही जाणत्या म्हाताऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. बुजरं वासरू असंच माणसाळवतात, आणि बैलाला भिणाऱ्या नातवालाही आजा असाच हळूहळू जवळ नेतो. वर्तनोपचार म्हणून आज जे शिकवतात, त्याच्या मुळाशी हीच रीत आहे.

पण या विद्येची खरी शाळा झाली ती दुसऱ्या महायुद्धात. इथं जरा थांबतो.

१ सप्टेंबर १९३९ पासून इंग्रज सरकारनं लंडन आणि इतर मोठ्या शहरांतली मुलं खेड्यांत हलवायला सुरुवात केली. बॉम्ब पडणार या भीतीनं. थोड्याच दिवसांत साधारण १५ लाख माणसं हलवली, त्यात बहुतेक शाळकरी पोरं. गळ्यात नावाची चिठ्ठी, हातात पिशवी, आणि आईबाप शहरातच. खेड्यातल्या अनोळखी घरांत ही पोरं वाटून दिली. हेतू चांगला होता, जीव वाचवायचा होता. पण महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या. पोरं अंथरूण ओलं करतात. चोऱ्या करतात. बोलत नाहीत. अंथरूण ओलं करण्याची तक्रार तर इतकी झाली की तो सरकारी प्रश्न बनला. त्याच डिसेंबरात जॉन बोल्बी, डोनाल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या तिघा डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून इशारा दिला होता की पाच वर्षांखालच्या लेकरांना आईपासून असं तोडणं धोक्याचं आहे.

जी पोरं कुणाच्याच घरात टिकेनात, त्यांच्यासाठी वसतिगृहं काढली. ऑक्सफर्डशायरमधल्या अशा वसतिगृहांवर विनिकॉटची नेमणूक झाली. हा माणूस मुळात बालरोगतज्ज्ञ. त्याच्याबरोबर क्लेअर ब्रिटन नावाच्या समाजकार्यकर्त्या होत्या, पुढं दोघांनी लग्न केलं. विनिकॉट आठवड्याला जायचा. एवढ्या पोरांना एकेकटं बसवून उपचार करणं त्याला शक्यच नव्हतं. मग तो आणि ब्रिटन वसतिगृह चालवणाऱ्या माणसांजवळ बसायला लागले. त्यांचं ऐकायचे. कुठल्या पोरानं आज काय फोडलं, कुणाचा राग आला, कुणाला मारावंसं वाटलं, झोप लागते का. त्या वॉर्डनला दर आठवड्याला बोलायला कुणीतरी आहे, एवढ्यावर वसतिगृहाचं वातावरण बदलायचं. दोघांनी १९४७ साली या अनुभवावर लेख लिहिला, त्याचा विषयच असा होता की अवघड मुलांसाठी वसतिगृह नीट चालवणं हाच उपचार आहे.

लंडनमध्येच फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी १९४१ मध्ये युद्धग्रस्त मुलांसाठी बालगृहं काढली. तिथं त्यांना दिसलं की लेकरं बॉम्बच्या आवाजापेक्षा आई दूर गेल्यानं जास्त खचतात. सुरुवातीला सगळ्या बाया सगळ्या मुलांचं बघायच्या. मग त्यांनी चार-पाच मुलांचं एक कुटुंब केलं आणि त्यावर एक ठरलेली बाई नेमली. आधी मुलं जास्तच रडली, भांडली, आपल्या बाईला चिकटून बसली. पण त्यानंतर बोलायला लागली, वाढायला लागली.

यानंतरची गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक आज्जीला सांगावी अशी आहे. जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसानं १९५२ साली एक साधा चित्रपट केला. दोन-अडीच वर्षांची एक पोर, छोट्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात. तेव्हा इंग्लंडच्या दवाखान्यांत आईला लेकराजवळ थांबू देत नसत, कारण आई येऊन गेली की लेकरू रडतं, मग नर्सला त्रास. रॉबर्टसननं अशी पुष्कळ मुलं पाहिली होती आणि त्याला तीन टप्पे दिसले होते. पहिल्यांदा लेकरू आकांत करतं. मग ते खचतं, कोपऱ्यात बसतं. आणि मग ते शांत होतं, खातं, हसतं, कुणाकडंही जातं, आणि आई आली तरी तिच्याकडं बघत नाही. दवाखान्यातली माणसं म्हणायची, रुळलं बघा आता. रॉबर्टसनचं म्हणणं होतं की खरी काळजी करायची वेळ ती हीच.

आता आपल्याकडं बघा. मायचा फोन आला की लेकरू रात्रभर रडतं, म्हणून आज्जी फोनच देईनाशी होते. पंधरा दिवसांनी ते रडायचं थांबतं. आपण म्हणतो, गुणाचं पोरगं आहे, समजदार झालं. आणि एप्रिलात पट्टा पडून माय दारात उतरते, हात पुढं करते, आणि लेकरू आज्जीच्या पदराआड जातं. सगळे हसतात, "वळख इसरलं गं तुझी." त्या मायच्या तोंडाकडं कुणी बघितलंय? सहा महिने पहाटेपासून मोळ्या वाहिल्यात तिनं, आणि घरी आल्यावर हे. मग कधी ती पोराला धपाटा घालते, कधी रडते. लेकरू ओळख विसरलेलं नसतं. ते रुसलेलं असतं, आणि पुन्हा जाशील का याची त्याला खात्री नसते. मायनं ओढून न घेता दोन-चार दिवस नुसतं जवळ बसावं, स्वयंपाक करता करता बोलत राहावं, आपण होऊन येऊ द्यावं. इंग्लंडात १९५९ साली सरकारी समितीनं शिफारस केली की दवाखान्यातल्या मुलांना आईबापांना मोकळेपणी भेटू द्यावं. त्यामागं या चित्रपटाचा मोठा हात होता.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी उलटा अर्थ काढेल. बोल्बीनं १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तो जगभर गाजला आणि त्याचा वापर आयांना बोल लावायला झाला. बाई कामाला गेली की पोर बिघडलं, असा. पुढं १९७२ मध्ये मायकेल रटरनं सगळा पुरावा पुन्हा तपासून दाखवलं की गोष्ट इतकी सोपी नाही. नुसत्या दूर जाण्यापेक्षा दूर जाताना काय घडलं, मागं कोण राहिलं, घरात भांडणं किती, यावर पुष्कळ ठरतं. स्वतः बोल्बीच्या अहवालातही हे होतंच की समाजाला मुलं हवी असतील तर त्यानं आईबापांना सांभाळलं पाहिजे. तेवढं वाक्य मात्र कुणी उचललं नाही. ऊसतोडीला जाणारी माय हौसेनं जात नाही. १९७२ च्या दुष्काळानं हे जाणं वाढवलं आणि नंतर कोरडवाहू शेतीनं ते कायमचं केलं. तिला दोष देऊन कुणी ही पोस्ट शेअर करू नये.

हे सगळं चालू असताना आपण कुठं होतो? मुंबईत क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकारानं १९३६ साली समाजकार्याची शाळा सुरू झाली, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३७ मध्ये तिथं देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र निघालं. म्हणजे लंडनची पोरं हलवली त्याच्याही आधी मुंबईत हे काम सुरू होतं. पद्धत अशी की मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करायचा, आणि समाजकार्यकर्त्यानं घरी जाऊन आईबापांशी बोलायचं. तेव्हा नेकनूर निजामाच्या राज्यात. आपल्याकडं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत स्वातंत्र्यच पोचलं नव्हतं, बालमार्गदर्शन कुठलं पोचायला! त्यानंतरही राज्यात मोठी मनोरुग्णालयं होती ती येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या नकाशावर काही नाही. १९७० च्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं, तेव्हा कुठं जिल्ह्यात या विषयाचे डॉक्टर दिसायला लागले.

त्यामुळं आपल्याकडं लेकराचं मन बघणारा पहिला माणूस देवरुषी राहिला. त्याची टिंगल करायला मला आवडत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हवाच होता, लेकराला चटके देणाऱ्याला जेलच पाहिजे. पण दृष्ट काढताना काय होतं? सगळं घर त्या एका लेकराभोवती गोळा होतं. त्याच्या डोक्यावरून हात फिरतो. कुणीतरी म्हणतं की तुझी चूक नाही, बाहेरचं काहीतरी आहे. बिचाऱ्या पोराला त्या दिवसात तेवढीच माया मिळालेली असते. अडचण एवढीच की मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या की सगळे उठून जातात.

मराठवाड्यात लेकरांच्या मनाचा प्रश्न एकदम अंगावर आला तो किल्लारीच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. आमच्या वयाच्या लोकांना ती पहाट आठवत असेल. किल्लारीनंतर दोन वाटा दिसल्या. भारतीय जैन संघटनेनं शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी तिथंच जवळ, नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं. दोन्हींतून मुलं शिकली, उभी राहिली. मला स्वतःला नळदुर्गची वाट जास्त पटते, कारण तिथं मुलाची बोली, नाती, रस्ते तेच राहतात. पण पुण्याला गेलेली कुणी मंडळी हे वाचत असतील तर त्यांचं मत माझ्यापेक्षा मोठं. पुण्याच्या महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थनं आयसीएमआरच्या मदतीनं भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यासही केला. घरं पडली म्हणजे माणसंही आतून पडतात, हे आपल्याकडं कागदावर येण्याची ती जवळजवळ सुरुवात.

मग गोवा. १९९६ साली विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगत' ही संस्था काढली, सुरुवातीला वाढीच्या अडचणी असलेली मुलं आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठी. तज्ज्ञ मिळत नाहीत हे रडगाणं त्यांनी बाजूला ठेवलं. गावातल्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून काम करून घ्यायचं ठरवलं. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक प्रयोग झाला, २०१६ च्या सुमारास तो छापून आला. कार्यकर्ती घरी जायची. आई आणि लेकरू खेळतानाचा छोटा व्हिडिओ काढायची. मग आईबरोबर बसून तोच व्हिडिओ बघायचा. बघा ताई, इथं त्यानं तुमच्याकडं पाहिलं, इथं तुम्ही थांबलात म्हणून तो बोलला. बारा बैठका. आईची लेकराला प्रतिसाद देण्याची रीत सुधारली आणि लेकरू आपण होऊन आईशी जास्त संवाद साधायला लागलं. पुन्हा तेच, उपचार घरच्या माणसाच्या हातून. आज धक्का बसलेल्या, अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी जे उपचार जगात मानले जातात, त्यातही मुलाच्या बैठकींबरोबर सांभाळणाऱ्याच्या बैठका धरलेल्या असतात.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. नुसतं नाही नाही म्हणणं खरं नाही. अंबाजोगाईला मानवलोक आणि डॉ. शैला लोहियांनी उभी केलेली मनस्विनी यांनी परित्यक्ता बायांबरोबर केलेलं काम म्हणजे एका अर्थी लेकरांच्या मायबापांचाच इलाज. शिरूर तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं शांतीवन, गेवराईला संतोष गर्जे यांचं बालग्राम, पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांचं इन्फंट इंडिया. ऊसतोड कामगारांची, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची, एचआयव्ही घेऊन जन्मलेली लेकरं इथं वाढली. ही सगळी माणसांच्या जिवावर चाललेली कामं.

सरकारी बाजूला सर्व शिक्षा अभियानापासून हंगामी वसतिगृहं आहेत. शाळा व्यवस्थापन समिती चालवते, दोन वेळचं जेवण शाळेत आणि कित्येक गावांत रात्री झोपायला पोरं आज्जीकडंच. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत, अंगणवाडीत तपासायला येतं. त्यांच्या यादीत शिकण्यातले आणि वागण्यातले प्रश्नही आहेत. पण पथक येतं त्या दिवशी लेकरू कारखान्यावर असलं तर कोण तपासणार? शेतकरी आत्महत्यांसाठी २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आला, तो मोठ्या माणसांसाठी. अंगणवाडीत 'आरंभ'चे पालक मेळावे होतात, लेकराशी कसं बोलायचं-खेळायचं ते सांगतात. चांगला उपक्रम. फक्त पालक म्हणजे माय, असं धरलेलं असतं, आणि हंगामात पालक असते सत्तरीची आज्जी, नाहीतर नववीतली ताई.

माझं म्हणणं इथंच आहे. हंगामी वसतिगृहाचा झगडा आपण नेहमी हजेरी खरी का खोटी, डाळ पातळ का घट्ट, यावर घालतो. घालायलाच पाहिजे. पण ऑक्सफर्डशायरच्या वसतिगृहांचं जे आठवड्याचं काम होतं, सांभाळणाऱ्या माणसाजवळ तासभर बसणं, त्याला ना इमारत लागते ना मोठा निधी. जिल्हा रुग्णालयातला समुपदेशक महिन्यातून एकदा नेकनूरला आला, आणि दर आठवड्याला एक आशाताई किंवा एक शिक्षिका हंगामातल्या आज्ज्यांना शाळेच्या ओट्यावर गोळा करून बसली, तरी सुरुवात होते. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. सोबत कोण येतंय ते सांगा.

तोवर ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी: १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात, पोराविषयी आज्जीनं केला तरी चालतो. १०९८ हा मुलांसाठीचा, जो १९९६ साली त्याच टाटा संस्थेतून मुंबईत सुरू झाला. आणि अंथरूण ओलं होत असेल तर आधी डॉक्टरला लघवी तपासायला सांगा, दर वेळी कारण मनाचंच असतं असं नाही.

त्या आज्जीच्या नातवाची तपासणी झाली, शरीरात काही निघालं नाही. मग आम्ही ठरवलं की फोन बंद करायचा नाही. उलट वेळ ठरवायची. कोपीवर मायचं जेवण उरकलं की सात-साडेसातला. रडला तर रडू द्यायचा, आज्जीनं जवळ घेऊन बसायचं. भिंतीवर कॅलेंडर होतंच, त्यावर पोरगं रोज एक फुली मारायचं, माय यायला किती राहिले ते मोजायला. अंथरूण ओलं व्हायचं एकदम थांबलं नाही, कमी झालं. आज्जीनं ताईत काढला नाही, मीही काढा म्हणालो नाही. एकदा भेटली तेव्हा म्हणाली, "आता फोन ठिवताना तिकडं तीच रडती, पोरगं नाही रडत."